पुतणीची वामकुक्षी

काल दुपारी माझी पुतणी मीरा लॅपटॉपवर डावा गाल टेकून झोपली होती. गालाखाली दबलेलं अक्षर पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत होतं, ममममम, जणू ती स्वप्नात श्रीखंड चाटत होती.

ही कॉलेजकन्या ब्लॉग लिहून कमाई करायला निघाली आहे. दर चार तासांनी वीसच मिनिटं झोपायचं आणि त्यावर लिहायचं, हा तिचा ताजा प्रयोग. गेल्या आठवड्यात तिने माझ्या वामकुक्षीवर लेख लिहिला, ‘आयुष्य घोरून काढणारे काका’. तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक विचारतात, “काय, झालं का घोरून?”

तिचा गजर वाजला. मी तो अलगद बंद केला. सूड किती मायाळू असतो! त्याला पंखा वाढवावासा वाटतो, अंगावर चादर घालावीशी वाटते. झोपेला मात्र कुणाचं वेळापत्रक वाचता येत नाही, आणि झोपेसारखा साथीदार मिळाला की सूडाला काहीच करावं लागत नाही.

सहाला मीरा दचकून उठली. “काका! उठवलं का नाही? माझा सगळा प्रयोग बुडाला!”

“डाव्या कुशीवर होतीस गं. शास्त्रोक्त वामकुक्षी कशी मोडू?”

ती चिडली, मग भलीमोठी जांभई देत पुटपुटली, “उद्यापण बंद कराल गजर?”

“आधी तो माझ्या घोरण्यावरचा लेख ब्लॉगवरून काढून टाक,” मी म्हणालो.