दोन जावांची छापील वाकळ

आमच्या मंडळातल्या चिंध्या कधीतरी संपतात, किस्से मात्र संपत नाहीत. रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर बायका वाकळ पसरून बसल्या की एखादा नवा जमा होतोच. मी निमगाव सावाला शाळेत चित्रकला शिकवायचे. नव्वदच्या दशकात कधीतरी माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की आपल्या गोधडीवर अक्षरं छापायची, कापड घरीच रंगवायचं आणि काय होतं ते बघायचं. खूळ माझं, हात त्यांचे!

हात मुख्यतः तिघींचे. हौसाबाई आणि गजराबाई सख्ख्या जावा. हौसाबाई थोरल्या, गजराबाई धाकट्या. तिसरी सुनंदा, वयानं लहान. रंगाचं खातं तिच्याकडे.

अडचण एकच होती. सासू वारल्यावर हौसाबाईंनी तिचं इरकली लुगडं धाकटीला न विचारता फाडलं आणि वाकळीला लावलं. गजराबाईंना ते तसंच पेटीत ठेवायचं होतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. नऊ वर्षं! घरं भिंतीला भिंत लागून, विहीर एक, आणि माझ्या ओट्यावर वाकळही एकच. या दोघी बोलाव्यात असं मला फार वाटायचं. खरं सांगते, गोधडीपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी होती.

*

अक्षरं मिळाली ती नारायणगावात. तिथल्या एका छापखान्यात ऑफसेट मशीन आलं आणि जत्रेची, तमाशाची पोस्टरं छापायची जुनी लाकडी अक्षरं मालकांनी कोपऱ्यात ढकलली. मी पोतं भरून घेतलं आणि वडापच्या, म्हणजे भाड्यानं पॅसेंजर नेणाऱ्या, जीपमध्ये चढवलं. जीप सुनंदाच्या नवऱ्याची, दत्तूची.

"बाई, गॅस संपला का? सरपण नेताय!"

मी पोत्यातून एक अक्षर काढून त्याला दाखवलं. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं.

"ह्यो तर 'क' हाय. पर उलटा हाय राव! बाई, फसवलं तुमाला!"

छापायचं अक्षर उलटंच कोरतात, हे मी त्याला सांगितलं. पटलं नाही. पुढे कित्येक दिवस तो जीपमधल्या पॅसेंजरांना सांगायचा, "बाई लई भोळ्या हाईत."

*

मंडळात बोलणं माझ्यामार्फत चालायचं. दोघींमध्ये हातभर अंतर, तरी हौसाबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बाई, त्यांना सांगा कातर सरकवा." मी सांगायचे. गजराबाई माझ्याकडे बघूनच म्हणायच्या, "बाई, त्यांना म्हणावं मांडीखाली बघा."

एकदा माझा घसा बसला. आवाजच फुटेना. अर्धा तास काम ठप्प! शेवटी हौसाबाईंनी ओट्यावर पसरलेल्या मांजराला हाक मारली.

"मने, सांग तिला, दोरा संपलाय."

गजराबाईंनी दोऱ्याचं रीळ उचललं आणि मांजरापुढे ठेवलं. "मने, दे जा."

मनी दोरा घेऊन पळाली. मग दोघी मिळून तिच्यामागे परसात धावल्या. न बोलता.

*

काळ्या रंगाची युक्ती सुनंदाची. आंबेगावच्या डोंगरातली एक ओळखीची बाई हिरडे आणून द्यायची. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात तीन आठवडे भिजवायचे, त्या पाण्यानं कापडावर छापायचं. तेव्हा काहीच दिसत नाही, जेमतेम पिवळट डाग. पण तेच कापड हिरड्याच्या पाण्यात उकळलं की छापलेलं तेवढं काळंभोर उठतं.

"माझ्या कापडाला हात लावायचा न्हाई," असं सुनंदानं दत्तूला बजावलं होतं. "मला काय करायचंय तुझ्या चिंध्यांशी?" असं तो म्हणाला होता.

पुढच्या रविवारी कापड उकळलं. अक्षरं उठली, आणि अक्षरांच्या मधोमध दोन ऐसपैस पंजेही उठले! दत्तूनं जीपचं ग्रीस धुवायला ते खिळ्यांचं पाणी वापरलं होतं आणि हात पुसले होते वाळत घातलेल्या कापडाला.

"माझा हात न्हाईच!" दत्तू म्हणाला.

सुनंदानं त्याचं मनगट धरलं आणि पंजा कापडावरच्या पंजावर टेकवला. दत्तूच्या अंगठ्याचं टोक पूर्वी बॉनेटमध्ये गेलं होतं. कापडावरचा अंगठाही तेवढाच आखूड.

ते पंजे आम्ही वाकळीत तसेच घेतले. महिनाभरातच दत्तू पॅसेंजरांना ओट्यावर आणून दाखवायला लागला, "ह्ये आपलं काम!"

*

काय छापायचं, यावर बरीच चर्चा झाली. मी सुचवलं, सुविचार छापू. हौसाबाईंनी तोंड वाकडं केलं.

"ते शाळंच्या भिंतीवर हायेत की. आमी दिसभर जे बोलतो, ते छापा."

मग छापलं. 'जेवलास का'. 'दार लोटून घे'. 'सावकास जा'. 'मोटर चालू झाली का बघ'. सुनंदाचं 'हात धुतले का' हे दत्तूच्या पंजांशेजारी.

गजराबाईंची पाळी आली. त्यांचे यजमान गेलेले, मुलगा पिंपरीला कारखान्यात.

"माझं काय छापता, बाई? बोलायला घरात हाय कोण?" त्या म्हणाल्या.

हौसाबाई दोऱ्याला गाठ मारत होत्या. मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "त्यांना काय इचारता? साऱ्या आळीला पाठ हाय. रस्त्यानं कुणीबी जाऊ द्या, ह्यांचं आपलं, 'च्या घिऊन जा'."

तेच छापलं. मोठ्या अक्षरांत.

*

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेले एक साहेब एकदा वाकळ बघायला आले. बायकांनी त्यांना विचारलं, एवढ्या मोठ्या छत्र्या उभ्या केल्यात, त्या करतात काय? साहेब सज्जन होते. त्यांनी समजावलं, की आकाशात फार फार लांबून येणारे बारीक आवाज त्या टिपतात.

"लई लांबचं ऐकू येतं?" हौसाबाईंनी विचारलं.

"हो, फारच लांबचं."

"मंग एक छत्री आमच्या आळीत लावा. धाकटी नऊ वर्सांत माझ्याशी काय बोलली, ते तरी घावतंय का बघू!"

साहेबांना काही कळलं नाही. गजराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, ते मला दिसलं नाही.

*

गजराबाईंना सुई ओवता येईनाशी झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या कोपऱ्यात सुया नेहमी ओवलेल्याच असायच्या. एके रविवारी मी जरा लवकर ओट्यावर आले. हौसाबाई एकट्याच बसल्या होत्या, एकेक सुई ओवून धाकटीच्या बाजूला टोचून ठेवत होत्या. मला पाहून त्या एकदम चिडल्या.

"बोलायचं न्हाई म्हणून काय झालं? काम तर उरकाया पायजे का नको?"

*

दोन हजारनंतर आमची वाकळ पुण्याला एका प्रदर्शनात लागली. दत्तूच्या जीपनं आम्ही चौघी गेलो. भिंतीवर टांगलेली वाकळ पाहून मला भरून आलं. वाकळीखाली दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एकीवर हौसाबाई, दुसरीवर गजराबाई, तोंडं दोन दिशांना.

दुपारी एक बाई आल्या. चष्मा, खादीची साडी, मोठा अभ्यास. त्यांना वाकळ फारच आवडली. जवळ जाऊन त्यांनी टाके पाहिले, लांबून अक्षरं पाहिली. मग मला म्हणाल्या, "डावा भाग अप्रतिम आहे. काय बारीक टाके! उजवीकडे मात्र हात कच्चा वाटतो, टाके लांब लांब पडलेत. असं करता येईल का, मधून कापून मला फक्त डावा भाग द्याल? मी काचेच्या फ्रेममध्ये लावीन."

डावी बाजू हौसाबाईंची, उजवी गजराबाईंची. गजराबाई मान खाली घालून बांगडी फिरवत बसल्या होत्या.

हौसाबाई खुर्चीवरून उठल्या. त्या बाईंकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"गजरे," त्या म्हणाल्या, "ऐकलंस का? आपली वाकळ कापा म्हणत्यात."

गजराबाईंनी हळूच मान वर केली. थोरलीकडे बघितलं.

"मंग उभी काय ऱ्हायलीस अक्का?" त्या म्हणाल्या. "धर तिकडचा कोपरा. घडी घालू."