सुरवाडे मॅडम आणि ठोकणारं इंजिन

लिला सुरवाडे आमच्या जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आल्या, तेव्हा यंत्र विभागात त्या एकट्याच बाई होत्या. माझी विजेची प्रयोगशाळा त्यांच्या इंजिनांच्या प्रयोगशाळेला लागून होती, मधे एकच भिंत. तिकडे इंजिन सुरू झालं की माझ्या टेबलावरचे मीटर थरथरायचे. त्यामुळे त्यांचं काय चाललंय हे मला न विचारता कळायचं.

मॅडम भडगावच्या. वडील उखर्डू सुरवाडे गिरणेच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं, ते सोडायचे आणि बंद करायचे. आई द्रौपदाबाई कपाशी वेचायला जायच्या. बौद्धवाड्यातली ही मुलगी मॅट्रिकला तालुक्यात वर आली, तेव्हा सगळ्यांनी तिला डी.एड. करून मास्तरीण व्हायला सांगितलं. तिनं धुळ्याला इंजिनिअरिंगचा फॉर्म भरला, तोही मेकॅनिकलचा. वडिलांना ती शाखा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की नोकरी गावाजवळ लागेल का.

नोकरी जवळ लागली, पण हंगामी. दर जूनमध्ये नवा आदेश यायचा. कायम करण्याचा विषय संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे होता आणि तिथेच रेंगाळला होता.

बोलायला त्या सावकाश. प्रयोगात त्यांचा एकच हट्ट: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलं घाई करून दोन स्क्रू एकदम फिरवायची, तर त्या इंजिन बंद करून पहिल्यापासून सुरू करायला लावायच्या. मुलं वैतागायची. आम्हीसुद्धा कधी कधी.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात रावेरचे गिरधरशेठ कॉलेजात आले. केळीचा मोठा व्यापार, वय चाळिशीच्या आत, आणि गाड्यांचं वेड. इंदूर ते नाशिक अशी मोटारींची एक शर्यत पावसाळ्यानंतर व्हायची होती, तिच्यात त्यांना स्वतःची पांढरी गाडी उतरवायची होती. गाडीचं पेट्रोल इंजिन जपानी बनावटीचं. त्याला धुळ्याच्या पुना मिस्तरीनं मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेला टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळून ताकद वाढते. ताकद वाढलीही होती. पण पारोळ्याच्या पुढे एका चढावर इंजिन ठोकायला लागलं आणि एका पिस्टनला भोक पडलं. मिस्तरीनं नवा पिस्टन टाकला, तरी ठोका राहिलाच. रस्त्यावर पुन्हा जोर लावून बघायची कुणाची हिंमत होईना.

आमच्याकडे डायनामोमीटर होता. इंजिन गाडीतून काढून एका लोखंडी बैठकीवर बसवायचं आणि पाण्याच्या ब्रेकला जोडायचं. पाणी वाढवलं की इंजिनावर भार वाढतो. घाट चढतानाचा जोर एका खोलीत उभ्या उभ्या लावता येतो आणि तो किती आहे हे काट्यावर दिसतं. प्राचार्यांनी परवानगी दिली. गिरधरशेठचे थोरले भाऊ झुलालशेठ कार्यकारी मंडळावर होते, त्यामुळे परवानगीला वेळ लागला नाही.

ट्रकमधून इंजिन आलं, सोबत पुना मिस्तरी आले. पन्नाशीचे, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. बाई दिसल्यावर ते जरा बावरले आणि आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस सुपडूभाऊ यांना साहेब कुठे आहेत असं विचारू लागले. सुपडूभाऊंनी मॅडमकडे बोट दाखवलं. मिस्तरींनी नमस्कार केला आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

पहिल्याच दिवशी ठोका ऐकू आला. भार वाढून टर्बोचा दाब चढला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. माझ्या भिंतीपर्यंत यायचा. मॅडमनी मला नंतर समजावलं: ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पसरत जायला हवी, पण तिच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घणासारखा मार बसतो.

मॅडमना वाटलं, ठिणगी लवकर पडते. त्यांनी टायमिंग थोडं थोडं मागे घेतलं. ठोका कमी झाला, पण ताकदही उतरली आणि धुराचा पाइप लाल व्हायला लागला. तेवढ्यानं भागणार नव्हतं. मिस्तरींचं म्हणणं होतं की हवा गरम आहे. टर्बो हवा दाबतो तशी तापवतो, आणि वरून जळगावचा मे महिना. त्यांनी वाळ्याच्या पडद्यांचा मोठा कूलर आणवला आणि टर्बोच्या तोंडाशी लावला. थोडा फरक पडला, फार नाही. मग कार्बोरेटरचा जेट मोठा करून पेट्रोलचं प्रमाण वाढवलं. तरी ठोका होताच. प्लग काढून बघितले, तर त्यांच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकते ठिपके होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम. म्हणजे पिस्टन अजूनही मार खात होते.

"मॅडम, माले ते जे सुचनं, ते बठ्ठं करी टाकं," मिस्तरी म्हणाले. "आते हेड खोलनं पडी."

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. आत काजळी साचलेली होती. मिस्तरींनी दिवसभर बसून ती खरवडली, कडा गुळगुळीत केल्या, नवं पॅकिंग घालून हेड बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करायला गेले तर शेठनी पाठवलेल्या कॅनमधलं पेट्रोल संपत आलेलं. नवे कॅन दुपारी यायचे होते. सुपडूभाऊंनी शहरातल्या एका पंपावरून सायकलवर कॅन भरून आणला.

त्या दिवशी इंजिन ठोकलं नाही. पूर्ण भार, पूर्ण दाब, टायमिंग पुन्हा पुढे आणलेलं, तरी आवाज स्वच्छ. मिस्तरींनी टॉवेल डोक्याला बांधला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. रावेरला फोनही झाला. मॅडमनी चहा घेतला, पण त्या वहीतल्या नोंदी पुन्हा बघत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या की मागच्या वेळच्या आणि आजच्या चाचणीत दोन गोष्टी बदलल्या आहेत, त्यातली कोणती लागू पडली ते मला माहीत नाही.

दुपारी शेठचे कॅन आले. दुसऱ्या दिवशी त्या पेट्रोलवर इंजिन लावलं आणि खडे पुन्हा वाजायला लागले. मिस्तरींचा चेहरा उतरला. ते हेडचे बोल्ट सैल करायला निघाले. मॅडमनी त्यांना थांबवलं, काहीही न उघडता टाकी रिकामी करायला सांगितली आणि सुपडूभाऊंच्या कॅनमधलं उरलेलं पेट्रोल ओतायला लावलं. आवाज गेला. पुन्हा शेठचं ओतलं. आवाज आला.

मग त्यांनी रसायनच्या प्रयोगशाळेतून फिल्टर पेपर आणून दोन्हींचे थेंब टाकले. सुपडूभाऊंच्या पेट्रोलचा थेंब उडून गेला आणि कागद कोरा राहिला. शेठच्या पेट्रोलचा तेलकट डाग तसाच राहिला. मिस्तरींनी तो कागद नाकाशी नेला.

"घासलेट," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

घासलेट मिसळलेलं पेट्रोल साध्या गाडीला पचतं. चढावर थोडं कुरकुरतं, मालक म्हणतो ओझं जास्त झालं. टर्बोच्या इंजिनाला ते पचत नाही. पण मिस्तरी खाली बसले ते वेगळ्या कारणानं. शेठचे कॅन पारोळ्याकडच्या महामार्गावरच्या पंपावरून यायचे आणि तो पंप झुलालशेठचा होता. मिस्तरींना धुळ्यात गॅरेजची जागा झुलालशेठनीच मिळवून दिली होती.

मिस्तरींनी मार्ग सुचवला. गिरधरशेठना सांगायचं की टर्बोला जरा वरच्या प्रतीचं पेट्रोल लागतं, जळगावातून भरत जा. खोटंही होत नाही आणि कुणाचं नावही येत नाही. नंतर मला मॅडमनी सांगितलं की त्या रात्री त्यांनी हे वाक्य स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिलं आणि ते प्रत्येक वेळी बरं वाटलं. जून जवळ आला होता. कायम करण्याचा विषय पुढच्याच बैठकीत होता. झुलालशेठ त्या बैठकीत बसणार होते.

सकाळी त्यांनी मिस्तरींना त्यांच्याच बोलीत सांगितलं, "मिस्तरी, तुम्ही काही बोलू नका. मी सांगसू."

गिरधरशेठ आले. मॅडमनी त्यांना आधी काही सांगितलं नाही. त्यांच्याच हाताने दोन्ही पेट्रोलं ओतायला लावली, भार वाढवायला लावला. शेठनी दोनदा ऐकलं. मग कागदावरचा डाग दाखवला.

"म्हणजे भाऊच्या पंपावर भेसळ होते?" शेठनी विचारलं.

"कॅनमध्ये काय आहे ते मी सांगू शकते. पंपात काय आहे ते मला माहीत नाही. कॅन रस्त्यात कुणी उघडला असेल. तुम्ही स्वतः जा, स्वतः भरा आणि घेऊन या."

"आणि तेच निघालं तर? तुम्ही हे लिहून देणार?"

"इंजिन का ठोकतं ते लिहून देणार. ते माझं काम आहे."

शेठ चिडले. मॅडमना मंडळाचं राजकारण कळत नाही, हे घरातलं आहे, असं बरंच बोलले. मिस्तरी खिडकीतून बाहेर बघत होते. बोलून झाल्यावर शेठ गाडीत बसले आणि पारोळ्याच्या दिशेनं गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन बाटल्या होत्या. दोन्ही त्यांनी स्वतः पंपावरच्या नळीखाली धरून भरल्या होत्या. डाग दोन्हींचा पडला. शेठनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "माझी वहिनी त्याच पंपावरचं पेट्रोल घालून मुलांना शाळेत सोडते."

भावाभावांत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. पंपाचा मॅनेजर बदलला, एवढं बाहेर आलं. झुलालशेठना खरंच ठाऊक नव्हतं की होतं, यावर जळगावात दोन मतं होती आणि मॅडमनी कुठलंही मत दिलं नाही.

जूनच्या बैठकीत त्यांचा विषय पुढे ढकलला गेला. कारण दिलं गेलं नाही. शिवाय कॉलेजनं बाहेरची इंजिनं तपासायला घेऊ नयेत असा ठराव झाला. मॅडमना पुन्हा हंगामी आदेश मिळाला. त्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि भडगावला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. दुपारचं प्रात्यक्षिक मात्र त्यांनीच घेतलं. पुना मिस्तरींचं गॅरेज कुणी काढून घेतलं नाही. ती भीती त्यांना पुढची दोन-तीन वर्षं होती.

गिरधरशेठ शर्यतीत उतरले. पेट्रोल त्यांनी सोबतच्या जीपमधून नेलं. सेंधव्याच्या घाटात त्यांची गाडी बऱ्याच गाड्यांच्या पुढे होती, असं मिस्तरी अभिमानानं सांगायचे. शिरपूरजवळ गिअरबॉक्स गेला आणि गाडी ट्रकला बांधून आणावी लागली. इंजिन मात्र धड होतं.

दोन वर्षांनी मंडळ बदललं, मॅडम कायम झाल्या आणि बाहेरच्या कामांवरचा ठराव रद्द झाला. त्यानंतर आलेलं पहिलं इंजिन केळीच्या ट्रकचं होतं, डिझेलचं. ते पुना मिस्तरींनीच पाठवलं होतं. सोबत निरोप होता की आवाज कसला तेच समजत नाही, मॅडमनी ऐकून सांगावं. मॅडमनी ऐकलं. त्यांनाही पहिल्या दिवशी समजलं नाही. त्यांनी धुळ्याला फोन लावला आणि मिस्तरींना आधी त्यात काय काय बदललं आहे ते एकेक करून विचारायला सुरुवात केली.