मीटरवरची लाल खूण

आईला अर्धांगवायू झाला त्या वर्षी वडिलांनी कारखान्याच्या ऑफिसातून काढून टाकलेला खिडकीचा एसी घरी आणला. आम्ही नागापूरला, एमआयडीसीच्या कडेला राहायचो. पडून पडून आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, घाम साचू देऊ नका. उन्हाळा तोंडावर होता.

मनमाड रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ दिवसभर घरात यायची. त्यामुळे आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्याला कव्हर असे. ती सगळी आईने शिवलेली. एसीचं कव्हर आत्याने शिवलं, आईच्याच जुन्या पातळाचं. आईचं करायला ती आमच्याकडे येऊन राहिली होती. एसी लावताना कव्हर वर सरकवायचं, बंद केला की खाली. बाहेरच्या बाजूला वडिलांनी गोणपाट बांधलं. एसी चालू असतानाही ते सोडलं जात नसे.

वडील कारखान्यात मेंटेनन्सलाच होते. कुठल्या मशीनचं तेल कधी बदलायचं हे त्यांना पाठ होतं. एसी मात्र त्यांच्या लेखी साहेबांच्या खोलीतली वस्तू. तो जपायचा, उघडायचा नाही.

चैत्रात खोली गार व्हायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत एसी नुसताच घोंगावू लागला.

“दादा, ह्याच्यापरीस मी पदरानं वारा घातलेला बरा,” आत्या म्हणायची.

“घाल की. तेवढंच तुझं तोंड बंद राहील.”

आई ओठाच्या एका कोपऱ्यातून हसायची.

कॉटवरून तिला पडवीतला मीटर दिसे. त्यातली फिरणारी चकती, चकतीवरची लाल खूण. बिल किती आलं हे तिला कुणी सांगत नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. जीभ जड झाली होती, तरी एवढं ती स्पष्ट म्हणायची, “अहो, बंद करा. लई पळतंय ते.”

“जुना हाय. वीज खानारच,” वडील म्हणायचे. पण ती ऐकेना. शेवटी एसी फक्त भर दुपारी लावायचा असं ठरलं. तेवढ्यातही ती मान वळवून मीटरकडे बघत राही. जखमा चिघळल्या, ताप चढला. ज्येष्ठ लागायच्या आत ती गेली.

तेराव्यानंतर वडिलांनी एसी विकायला काढला. गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच गोणपाट सोडलं, पुढची जाळी काढली. जाळीवर गोधडीसारखा धुळीचा थर होता. मागच्या पत्र्यांच्या फटी मातीने बुजल्या होत्या. जाळी त्यांनी हौदावर साबणाने धुतली. फटी ब्रशने झाडल्या, पाण्याने धुतल्या. सगळं वाळल्यावर एसी चालू केला.

खोली गार पडली. मग घोंगावणं थांबलं, नुसता पंखा फिरत राहिला.

“बिघडला का रं दादा?” आत्याने विचारलं.

“न्हाई. गार झालं की ते आपलं आपन थांबतं.”

वडील पडवीत गेले. चकती रेंगाळत होती. लाल खूण एकदा दिसली, मग बराच वेळ दिसली नाही. ते तिथेच उभे राहिले.

आत येऊन ते कॉटपाशी थांबले. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

“बघ,” ते म्हणाले, “आता न्हाई पळत.”

आत्याने कव्हराची घडी केली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिली.