मागच्या सीटखालची जाळी

ओल्या सिमेंटचा वास आला की मला गडचांदूरची ती जुनी हायब्रिड गाडी आठवते. विकणारा शाळेपासूनचा मित्र होता. “डॉक्टरची गाडी आहे भाऊ, सिमेंट फॅक्टरीच्या खदानीकडे कधी गेलीच नाई,” तो म्हणाला. भाव घासाघीस करून ठरला होता. चावी हातात घेऊन मी सहज वाकलो आणि मागच्या सीटखालची, बॅटरीला हवा पुरवणारी जाळी काढली. ती सिमेंटच्या धुळीने गच्च बुजली होती. अशी बॅटरी तापून लवकर मरते. “डॉक्टर खदानीत दवाखाना चालवते काय?” मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, “दोस्ताच्या गाडीत कोणी इतकं वाकून पाह्यते काय?” मी चावी त्याच्या पायाशी फेकली. आजही तो रस्त्यात दिसला की हात करतो. मी गाडीची काच खाली करत नाही.