इंजिन ऐकणारे मिस्त्री

शिवाजी पेठेतले एक मिस्त्री दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या जुन्या गाडीसाठी घरी येतात. ऑइल, प्लग, पॉलिश ही कामं मी वहीत यादी करून स्वतःच उरकते. त्यांना बोलावते ते फक्त इंजिन ऐकायला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. मी यादी वाचू लागले की म्हणतात, "वही मिटा की ताई. आधी ती काय म्हणतीया ते ऐकूया."

या वेळी बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "झ्याक हाय."

मला तर लांबूनही टकटक ऐकू येत होती. व्हॉल्व्ह सैल झाला की असा आवाज येतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्या कानाने ऐकून बघितलं, मग मूठ रुमालाने पुसून स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"वाजतंय न्हवं?"

"थोडंसं."

"मग ऐकायचं काम आता तुमचं."

मी सांगत गेले तसा त्यांनी व्हॉल्व्ह घट्ट केला. टकटक थांबली. हात पुसत ते हळूच म्हणाले, "आता मला कशाला बोलवायचं?"

मी वही उघडली, पुढच्या महिन्याच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "मिस्त्री, सकाळी नऊ."

"वरडताय कशाला?" ते म्हणाले. "तेवढं ऐकू येतंय की."