नोंदकाकांची मोडतोड वही

मोठ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी त्यांना नोंदकाकांचे फक्त तळपाय दिसले. उरलेले नोंदकाका बाईंच्याच टेबलाखाली होते. तिथून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "बसू नका."

बाई उभ्या राहिल्या. त्या स्वतः सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा तर तेवढ्या वेळात दोन तास झाले, मधली सुट्टी झाली आणि वरच्या वर्गातल्या मुलांना मिसरुडं फुटली. शेवटी नोंदकाका बाहेर आले, कोपरांवरची धूळ झटकली आणि त्यांनी एक जाडजूड वही पुढे केली.

"खुर्चीचा मागचा डावा पाय अर्धं बोट आखूड आहे. याच अवस्थेत मिळाली म्हणून सही करा, मग बसा."

"आणि नाही केली तर?"

"तर तुम्ही पडल्यावर नोंद करावी लागेल. ती लांबलचक होते."

बाईंनी सही केली आणि श्वास रोखून बसल्या.

नोंदकाका शाळेचे कारकून. शाळेत जे जे मोडलं, तुटलं, गळलं, ते ते तारखेसकट त्यांच्या मोडतोड वहीत जायचं. दुरुस्ती? ते त्यांचं खातं नव्हतं. त्यांची बायको म्हणायची, "वही घरी आणायची नाही, या एका अटीवर आमचा संसार टिकलाय. नाहीतर पहिली नोंद माझीच झाली असती."

आता त्याच वर्षीची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या खोलीत वीस टॅबलेट आणि वीस हेडफोन होते. शाळेतल्या निम्म्या मुलांची घरची भाषा वेगळी. ती मुलं कानाला हेडफोन लावून शाळेची भाषा ऐकायची आणि मग बोलायची. एकच वाक्य चाळीस वेळा चुकलं तरी यंत्र कपाळाला आठी घालत नाही. हा गुण शिक्षकांत आढळल्याची नोंद नाही. पाचवीतल्या एका मुलीने वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिने एक दिवस यंत्राला सांगितलं की तिची आजी घोरते, आणि मग ती थांबेचना.

पण ही यंत्रं एका कंपनीने वर्षभर वापरायला दिली होती. वर्ष संपलं की परत जाणार. आणि मोठ्या बाई पालकसभेत भरात येऊन बोलून बसल्या होत्या, "यंत्रं कुठेही जाणार नाहीत." त्यावर त्या मुलीचे वडील मागच्या बाकावरून उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर आहे हं सगळं."

यंत्रं विकत घ्यायला पैसे मिळावेत म्हणून बाईंनी अकरा ठिकाणी अर्ज केले. अर्जात खोली 'सुसज्ज' होती, 'हवेशीर' होती, एकदा तर 'भव्य'ही झाली. अकरा नकार आले. बारावा अर्ज शाळांना यंत्रं देणाऱ्या एका संस्थेकडे जायचा होता, आणि नेमक्या शेवटच्या दिवशी बाई तापाने घरी पडल्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "काका, सगळे कागद जोडा आणि पाठवून द्या."

तीन दिवसांनी बाई कामावर आल्या, सवयीने वही चाळली, आणि ताज्या नोंदीवर त्यांचं बोट थबकलं. 'मोडतोड वहीची प्रत काढताना झेरॉक्सचं झाकण निखळलं.'

"काका, वहीची प्रत कशाला काढली?"

"अर्जाला जोडली."

"अख्खी?"

"तुम्ही म्हणालात, सगळे कागद."

"अहो, सगळे म्हणजे लागतील तेवढे."

"तसं तुम्ही म्हणाला नाहीत. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

बाईंना पुन्हा ताप आल्यासारखं झालं. त्या मुलीच्या वडिलांना तोंड कसं दाखवायचं, याची त्या मनात तालीम करू लागल्या.

पुढच्याच आठवड्यात संस्थेचे एक गृहस्थ आले, हातात वहीची प्रत, पानोपानी खुणा. बाईंचं स्वागताचं भाषण अर्ध्यावर टाकून ते तडक वर गेले आणि म्हणाले, "पान बेचाळीस. डावीकडचा प्लग हलवला की उजवीकडचा दिवा जातो." त्यांनी प्लग हलवला. दिवा गेला. गृहस्थांचा चेहरा मात्र उजळला.

"बाई, आम्ही नऊ शाळांना यंत्रं दिली. सगळ्यांनी लिहिलं होतं, खोली उत्तम. सात ठिकाणी खोकी अजून बंद आहेत. कुठे प्लग नाही, कुठे खोलीच नाही. काय काय बिघडलंय ते आधी सांगणारे तुम्ही पहिलेच."

"आमची तीच पद्धत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. नोंदकाकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि, आश्चर्य म्हणजे, काहीही लिहिलं नाही.

महिनाभरात पत्र आलं. संस्थेने कंपनीला पैसे भरले आणि यंत्रं शाळेची झाली, शिवाय वायरिंगचा खर्च मंजूर. बाईंनी पहिला फोन त्या मुलीच्या वडिलांना केला. फोन मुलीनेच उचलला आणि बाबा अंघोळीला गेलेत इथपासून शेजारच्यांची मांजर व्यायली इथपर्यंत सगळं शाळेच्या भाषेत सांगितलं. बाईंनी ते मध्ये न थांबवता ऐकलं, फोन ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदा खुर्चीत अंग सैल टाकून दिलं. खुर्ची डुगडुगली. डुगडुगू दे.

खुर्चीचा पाय दुरुस्त झाला नाही. फर्निचर संस्थेच्या नियमात बसत नव्हतं. पुढच्या वर्षी नोंदकाका निवृत्त झाले. वही कपाटात आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही.