सातव्या क्रमांकाची हाक

बल्लारपुरात स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर अयूबभाईंचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांच्या मुलीने, अमरीनने, ते हाती घेतले आणि रेडिओंच्या जागी संगणक मांडले. ती चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनात शिकलेली होती. हाती घेतलेले काम तिने अर्धवट परत केल्याचे कोणाला आठवत नव्हते. ही गोष्ट ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि ती खरीही होती.

सन २००९ मधल्या एका सोमवारी गोंडपिपरीकडच्या एका जंगलगावातून सुकरीबाई तिच्याकडे आल्या. गावाच्या वनहक्क समितीचे काम त्या पाहत. त्यांनी पिशवीतून अकरा जुन्या फ्लॉपी, एक फाटकी माहितीपुस्तिका आणि संगणकात बसवायचे, कोळशासारखे काळे पडलेले एक कार्ड काढून टेबलावर ठेवले. पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेने गावाला संगणक दिला होता. कोणते घर कोणत्या उतारावर मोह वेचते, कोणाचा मध कोणत्या कड्यावरचा, ही सारी नोंद त्यावर मराठीत झाली होती. पुढे वीज पडून यंत्र जळाले, आणि छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. गुरुवारी जंगलावरच्या हक्कांच्या दाव्यांची पडताळणी होती. म्हाताऱ्यांची तोंडी साक्ष होती, पण जुना लेखी कागद एकही नव्हता. तो न मिळाल्यास मोहाचा पलीकडचा उतार दाव्यातून गळेल, ही सुकरीबाईंची चिंता होती.

अमरीनने फ्लॉपी तपासल्या. त्या वाचता येत होत्या, परंतु नोंदीचा प्रोग्राम मराठी अक्षरे घडवणाऱ्या त्या जळक्या कार्डाशिवाय चालत नव्हता, आणि तसे कार्ड आता बाजारात नव्हते. तिने सांगितले की नव्या संगणकाच्या पोटात ती जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करील. नकली कळफलक, नकली प्रिंटर, नकली कार्ड, सारे काही त्यात असेल, आणि प्रोग्रामला फरक कळणार नाही.

"बुधवारी या," ती म्हणाली. "कागद घेऊनच जा."

नक्कल उभारताना प्रत्येक उपकरणाला हाकेचा एक क्रमांक द्यावा लागतो. काम झाले की उपकरण मुख्य यंत्राला हाक मारते, आणि कोणी हाक मारली हे यंत्र क्रमांकावरून ओळखते. असे क्रमांक शून्यापासून पंधरापर्यंत सोळाच असतात. अमरीनने पुठ्ठ्यावर तक्ता आखला. घड्याळाला शून्य, कळफलकाला एक, फ्लॉपीला सहा, प्रिंटरला सात. कार्डासाठी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर निळ्या शाईत पाच लिहिलेले होते, म्हणून कार्डाला पाच. एका क्रमांकावर दोन उपकरणे बसवायची नाहीत, हा तिचा नियम होता. तो तिने कधी मोडला नव्हता.

मंगळवारी दुपारी प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावर पहिली मराठी ओळ उमटली आणि तिथेच सारे थांबले. कार्ड हाक मारत होते, पण प्रोग्राम ती ऐकत नव्हता. अमरीनने पाच काढून नऊ दिला, मग दहा, अकरा, बारा. जेवढे क्रमांक मोकळे होते तेवढे तिने पाहिले. दर वेळी पहिलीच ओळ येत राहिली. क्रमांकांत चूक नसल्याची आता खात्री पटली, दोष फ्लॉपीतच आहे, असे तिने अब्बांना सांगितले. अब्बांनी एवढेच विचारले, की ते यंत्र चालवत कोण होते.

बुधवारी सकाळच्या गाडीने सुकरीबाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले भाऊ कोलू होते. सारी नोंद त्यांच्याच हातची होती. फ्लॉपी बिघडल्या असाव्यात, असे अमरीनने सांगताच कोलूभाऊ खाली पाहू लागले. पुस्तिकेतला तो पाच कोणी लिहिला, असे तिने विचारले. नागपूरच्या इंजिनीअरने, असे ते म्हणाले आणि त्यांनी पुस्तिका मिटून बाजूला सारली.

"भाऊ, काही लपवून राह्यले का तुम्ही?" सुकरीबाईंनी विचारले. "उद्या साहेबापुढं मले उभं राहाचं हाय, तुमाले नाई."

तेव्हा कोलूभाऊंनी सांगितले. एकदा यंत्रात मुंग्या झाल्या म्हणून त्यांनी कार्ड बाहेर काढून पुसले, आणि कार्डाचा क्रमांक ठरवणारी, त्याच्या खुंट्यांपैकी एकीवर बसवलेली इवलीशी टोपी खाली पडली. ती कोणत्या खुंटीवर होती हे त्यांना आठवेना, आणि पुस्तिका तेव्हा संस्थेच्या कचेरीत होती. त्यांनी आपल्या रीतीने विचार केला. त्यांच्या समाजात घराणी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कोणी सहा देवांचे, कोणी सात देवांचे. ज्यांची देवसंख्या सारखी, ते भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही, आणि एकाला बोलावणे गेले तर दुसरा उठून येतो. कार्ड अक्षर घडवते आणि प्रिंटर ते कागदावर उतरवतो. दोघे एकाच कामाचे, म्हणजे भाऊच. प्रिंटरचा क्रमांक सात आहे, हे त्यांना ठाऊक होते.

"म्हून कार्डालेबी सातच देला," ते म्हणाले. "प्रोग्रामनं नंबर इचारला, तिथीबी सात लिवला. चाललं, बाई. इंजिनीअरले सांगाची छाती झाली नाई."

अमरीनने पुठ्ठ्याकडे पाहिले. सातावर प्रिंटर बसलेला, म्हणून कार्डासाठी तो तिने मनातही न आणता ओलांडला होता.

"सुकरीबाई, फ्लॉपीत काही खराबी नाई," ती म्हणाली. "मीच चुकली."

तिने कार्डाला सात दिला. या वेळी ओळी भराभर आल्या, परंतु तुटक आणि एकमेकींत मिसळलेल्या. नकली प्रिंटरही सातवरच हाक मारत होता, आणि प्रोग्राम त्याची हाक कार्डाची समजत होता. मग जुन्या यंत्रात हे कसे निभावले, असे तिने स्वतःशीच पुटपुटत विचारले. थोड्याच वेळात तिच्या ध्यानात आले. त्या काळचा प्रोग्राम प्रिंटरच्या हाकेची वाटच पाहत नसे. तो स्वतःहून प्रिंटरकडे वळून कागद तयार आहे का ते पाही. खऱ्या यंत्रातला प्रिंटर मुका होता, म्हणून एका क्रमांकावर दोघे सुखाने नांदले. नकली प्रिंटरला हाक मारायला लावले होते ते अमरीननेच, तक्ता पूर्ण दिसावा म्हणून.

तिने प्रिंटरची हाक बंद केली आणि पुठ्ठ्यावरचे त्याचे नाव खोडले.

दुपारी दोनच्या सुमारास पहिले पान बाहेर आले. कोलूभाऊंनी ते दोन्ही हातांनी धरले आणि पहिले नाव मोठ्याने वाचले. ते पोचू नावाच्या गृहस्थांचे होते. ते वारून नऊ वर्षे झाली होती. नावापुढे पलीकडच्या उतारावरच्या मोहाच्या चौदा झाडांची नोंद होती. सुकरीबाईंनी तारीख तपासली. प्रत्येक पानावर १९९४ हे साल होते. एकूण एकसष्ट पाने निघाली.

गुरुवारी पडताळणीच्या अधिकाऱ्यांनी प्रथम तेच विचारले, जे कोणीही विचारले असते. कागद कोरा करकरीत आहे, मग नोंद जुनी कशावरून? सुकरीबाईंनी अकरा फ्लॉपी टेबलावर मांडल्या. अमरीन दुकान बंद ठेवून आली होती. नक्कल कशी उभारली हे तिने न अडखळता सांगितले. कार्ड जळाले असताना त्याचा क्रमांक कसा कळला, असे अधिकाऱ्यांनी विचारल्यावर मात्र तिने कोलूभाऊंकडे पाहिले.

कोलूभाऊ उठले. टोपी पडल्यापासून सारे त्यांनी क्रमाने सांगितले, इंजिनीअरला सांगितले नव्हते हेही सांगितले. अधिकाऱ्यांनी ते जबाबात उतरवून घेतले, पाने दाव्याला जोडली आणि खाली सही करायला सांगितले. कोलूभाऊंनी जबाब एकदा वाचून काढला. एका ठिकाणी लिहिणाऱ्याने पुस्तिकेवरून कार्डाचा क्रमांक पाच लिहिला होता. त्यांनी तो खोडून सात करवून घेतला, आणि मग सही केली.